डोळे मिटून केलेली प्रार्थना

मागच्या महिन्यात नगरला जाऊन बाईंना भेटून आले. बाई म्हणजे आमच्या शब्बाथशाळेच्या, चर्चमधल्या रविवारच्या मुलांच्या वर्गाच्या बाई. नव्वदीला टेकल्यात, आणि मोरीत पाय घसरून पडल्यापासून खाटेवरच असतात. खोली तीच, लहानपणी आम्ही नाताळच्या नाटुकल्याची तालीम करायला जायचो ती. आता तिथे लोखंडी कॉट आहे, कॉटच्या कठड्याला अडकवलेला ओला नॅपकिन आहे, गोळ्यांच्या पट्ट्या कोंबलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, आणि सगळ्यावर निलगिरीच्या तेलाचा वास. बाई माझ्याकडे बघून हसल्या, हात हातात घेतला, सोडला नाही. चहा झाला. निघताना त्यांची सून म्हणाली, "ताई, आलाच आहात तर प्रार्थना करून जा." मला प्रार्थना चांगली करता येते असं सगळे म्हणतात. महिला मंडळात, कुणाच्या घरी दुःख झालं तर, नव्या घराच्या उपकारस्तुतीला, मलाच उठवतात. मी उभी राहिले, बाईंच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. स्तोत्रांतली वचनं आपोआप ओठांवर येत गेली, एकाला एक लागून. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, हे मला आता शिकवावं लागत नाही. आठ-दहा मिनिटं तरी झाली असतील. सुनेने पदराने डोळे टिपलेले मला ऐकू आले. मी आमेन म्हटलं, डोळे उघडले. बाई माझ्या तोंडाकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "आवाज छान लागतो गं तुझा, अजून. काय म्हणालीस ते मात्र नाही कळलं. समोर बसून बोललं ना कुणी, की ओठांवरून थोडं उमगतं मला."

त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं.

परत येताना एसटीत खिडकीची जागा मिळाली होती. सुपा गेलं, शिरूर गेलं, आणि मला एकच गोष्ट टोचत राहिली. बाईंना ऐकू येत नाही हे मला ठाऊक होतं. तासभर बसले होते, चहा घेताना मीच दोनदा ओरडून विचारलं होतं, "साखर कमी चालते का?" मग प्रार्थनेला उभी राहिल्यावर ते मी विसरले कशी? विसरले म्हणणंही खरं नाही. त्या आठ-दहा मिनिटांत बाई कुठे होत्याच असं मला वाटत नाही. माझी वचनं होती, माझा आवाज होता, सुनेचे अश्रू होते, आणि वर देव होता असं मी धरून चालले होते. बाई माझ्या हाताखाली होत्या फक्त.

आणि ह्या त्याच बाई, ज्यांनी आम्हाला झांज ऐकवली होती.

आमचा वर्ग चर्चच्या मागच्या खोलीत भरायचा. शहाबादी फरशी, त्यावर दोन चटया, चटयांच्या कडा सुटलेल्या, आणि तास संपेपर्यंत त्यातली एकेक काडी उपटत बसलेलो आम्ही पंधरा-वीस जण. दर रविवारी एक सुवर्णवचन पाठ करायचं. बायबलातलं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय तेरावा, पहिली ओवी आली तेव्हा बाईंनी भजनाच्या सामानातली झांज आणली होती. मला पुढे बोलावलं. कानाजवळ धरली आणि एकच ठोका दिला. अजून आठवतंय: आधी कानात काहीतरी फाटल्यासारखं, मग ती लांबत जाणारी गुणगुण, आणि पितळेचा नि हाताच्या घामाचा मिळून येणारा तो आंबूस वास. "ऐकू आलं?" "हो बाई." "मोठ्याने आलं?" "हो." "काय म्हणाली झांज?" मी गप्प. वर्ग खिदळायला लागला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बस खाली." एवढाच त्या दिवसाचा धडा. नंतर आम्ही ते वचन घोकलं: वाजणारी थाळी किंवा झणझणणारी झांज. त्या शब्दांतच इतका नाद आहे की आम्हाला म्हणायलाच मजा यायची, अर्थाकडे कोण बघतंय.

तेरावा अध्याय आम्हा ख्रिस्ती लोकांना लग्नातला म्हणून माहीत. पत्रिकेवर त्याची ओळ असते, भेट मिळालेल्या तसबिरीत तो असतो, पाळकसाहेब नवरानवरीसमोर तोच वाचतात. प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे. फुलांच्या वासात आणि नव्या साड्यांच्या सळसळीत ते वाचन इतकं गोड लागतं की मूळ पत्र भांडणात लिहिलंय हे कुणाच्या मनातही येत नाही. करिंथ हे ग्रीसमधलं, दोन बंदरांमधलं गाव, एका बाजूला लेखियम, दुसऱ्या बाजूला किंख्रिया. माल, पैसा, खलाशी, नाना देशांचे लोक. तिथलं काशाचं काम जगात नावाजलेलं, त्यामुळे धातूचा ठणठणाट त्या लोकांना रोजचाच असणार. पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे दीड वर्ष राहिला, अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे तंबू शिवत. तो निघून गेल्यावर, इफिसात असताना त्याच्या कानावर आलं की मंडळीत तट पडलेत. प्रभुभोजनाला आधी आलेले पोटभर खाऊन-पिऊन मोकळे होतात आणि मागून येणारे उपाशी राहतात. उपासनेत एकाच वेळी चारजण अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याच्या भरात कुणाला न कळणाऱ्या भाषांत, बोलतात, आणि ज्याच्याकडे देवाने दिलेलं जास्त ठळक दान त्याची मान जास्त ताठ. त्यावर त्याने आधी शरीराचा दाखला दिला, डोळा हाताला म्हणू शकत नाही की मला तुझी गरज नाही. मग दानांबद्दलचं सगळं बोलणं अर्ध्यावर थांबवून प्रीतीबद्दल लिहिलं, आणि चौदाव्या अध्यायात परत दानांवर आला. म्हणजे तेरावा अध्याय दोन भांडणांच्या मधोमध बसलाय. प्रीती हेवा करत नाही, बढाई मारत नाही, फुगत नाही, यातला शब्द न् शब्द तिथल्या कुणाच्या तरी तोंडावर जाऊन लागला असेल.

मला त्या रात्री घरी येऊन चौदावा अध्याय उघडावासा वाटला. तो आम्ही फार वाचत नाही. त्यात एक जागा आहे: आत्म्याने तू उपकारस्तुती केलीस, पण तुझं बोलणं ज्याला समजलं नाही तो तुझ्या उपकारस्तुतीला आमेन कसा म्हणणार? तू चांगली करतोस खरी, पण दुसऱ्याची उन्नती होत नाही. आणि लगेच पुढे, अन्य भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा मंडळीत समजून बोललेले पाच शब्द मला बरे वाटतात. मी अन्य भाषेत प्रार्थना केली नव्हती. अस्सल मराठीत केली होती, तीही देखण्या मराठीत. पण बाईंच्या दृष्टीने काय फरक पडला? त्या आमेन म्हणाल्या नव्हत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आपल्या मराठी बायबलात या देणग्यांना 'कृपादान' म्हटलंय, ते मला फार आवडतं. ग्रीकमध्ये खारिस म्हणजे कृपा, आणि खारिस्मा म्हणजे त्या कृपेतून आलेलं. मराठीत त्याला 'दान' जोडलं आणि आपल्या सगळ्या सवयी त्या शब्दाला चिकटून आल्या. दान कमावलेलं नसतं. दान घेणाऱ्याने ते मिरवत हिंडू नये, असं आपल्याला कुणी न सांगता कळतं. आणि ज्याच्या पदरात दान पडलंय त्याच्या दारी दुसरा कुणी आला तर त्यातलं मूठभर त्याला द्यायचं, हेही. 'प्रीती' या शब्दाचं मात्र तसं नाही. नगरकडच्या आमच्या बायका रोजच्या बोलण्यात प्रीती म्हणत नाहीत. त्या म्हणतात, "फार माया केली हो तिने", नाहीतर "जीव लावला". जीव लावणं म्हणजे काय ते घरात राहिलेल्या कुणालाही समजतं. कोण कुठल्या कुशीवर झोपतं, कुणाला भाकरी कडक लागते, कोण गप्प बसलं की समजावं आज काहीतरी बिनसलंय, हे ठाऊक असणं. पौलाच्या यादीत रोग बरे करण्याची दानं आहेत, अद्भुत कृत्यं आहेत, आणि त्यांच्याच पंगतीला 'साहाय्य करणं' बसवलंय. मी कितीदा वाचली असेल ती यादी, पण तो शब्द दिसलाच नव्हता. डोळा पुढच्या मोठ्या नावांकडे पळतो.

मला दानांची भीती नाही आणि चीडही नाही. दोन्ही बाजूंचं मी पाहिलंय. आई आजारी होती तेव्हा तिला एका मोठ्या सभेला नेलं होतं. मैदानावर मांडव, लाऊडस्पीकर, धूळ, रॉकेलच्या गाड्यांवर तळल्या जाणाऱ्या भज्यांचा वास. रोग्यांची रांग होती. उपदेशकाने तिच्या कपाळावर हात ठेवला, मोठ्याने आज्ञा केली, आणि ती तशीच उभी राहिली म्हणून पुढच्या माणसाकडे वळता वळता म्हणाला, "बाई, विश्वास कमी पडतोय." एवढंच. त्याच्या दृष्टीने ते अर्ध्या मिनिटाचं काम होतं. आई त्यानंतर तीन वर्षं जगली. या तीन वर्षांत दुखण्याबद्दल ती क्वचित बोलली, त्या वाक्याबद्दल मात्र पुष्कळदा. रात्री उठून बसायची आणि विचारायची, "माझा विश्वास कमी आहे का गं?" जिने आयुष्यभर पहाटे पाचला उठून वचन वाचलं, ती. त्याच मांडवात आमच्या गल्लीतला एक माणूसही गेला होता. तो त्या रात्रीपासून दारू सोडून माणसात आला, त्याच्या बायकोने पुढच्या रविवारी उभं राहून साक्ष दिली, आणि आई तिच्यासाठी मनापासून आनंदली. म्हणून त्या सभेत काहीच खरं नव्हतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या माणसाकडे दान असेलही. आईकडे बघायला त्याला अर्धं मिनिट जास्त हवं होतं.

आणि उलटंही. आमच्या जुन्या, शिस्तीच्या मंडळीत एक मुलगा होता. कारखान्यात शिकाऊ, घरी आई नाही, बाप दुसरीकडे. कुठल्याशा शिबिराला जाऊन आला आणि रविवारच्या उपासनेत, प्रार्थनेच्या वेळी, मोठ्याने अन्य भाषेत बोलायला लागला. सगळ्या माना वळल्या. पेटीवाल्याची बोटं थांबली. उपासनेनंतर वडील मंडळींनी त्याला बाजूला घेतलं आणि सर्व काही शिस्तवार व्हावं हे चौदाव्या अध्यायातलंच वचन दाखवलं. वचन बरोबर होतं. सांगणारेही वाईट नव्हते, त्यातले एक माझे वडील होते. पण तो मुलगा पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही, आणि आमच्यापैकी कुणी त्याच्या खोलीवर गेलं नाही. शिस्त राखणं हेही एक दान आहे, पौलाच्या यादीत 'व्यवस्था पाहणारे' आहेतच. तेही हातात घेऊन माणूस झांज वाजवू शकतो. वडिलांनी शेवटच्या आजारात एकदा त्या मुलाचं नाव काढलं होतं. कुठे असेल तो, म्हणाले.

या सगळ्या विचारात मला माझ्या आजीची आई आठवत राहते, जिला मी कधी पाहिलं नाही. दुष्काळात अनाथ झालेली ती मुलगी केडगावात, पंडिता रमाबाईंच्या 'मुक्ती' या आश्रमात वाढली. १९०५चं आत्मिक पुनरुज्जीवन आमच्या घरात एखाद्या नात्यातल्या लग्नासारखं सांगितलं जातं. त्या जानेवारीत रमाबाईंनी प्रार्थनेसाठी मुलींना बोलावलं तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या, जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या, दिवसातून दोनदा जमायच्या. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या अशाच पुनरुज्जीवनाचा बोलबाला झाला तो १९०६ मध्ये, केडगावची आग त्याच्या आदल्या वर्षीची. २९ जूनच्या पहाटे साडेतीनच्या सुमाराला एका मुलीला जाग आली, अंगावर अग्नी उतरल्यासारखं तिला वाटलं. तिच्या शेजारी झोपलेल्या मुलीने डोळे उघडले, पाहते तर मैत्रीण ज्वाळांत. ती उठली, खोलीच्या दुसऱ्या टोकाला धावत गेली, पाण्याची बादली आणली आणि ओतणार तोच तिला कळलं की ही जळत नाहीये. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी ते लिहून ठेवलंय. पुढे जगभर ही गोष्ट सांगितली गेली ती त्या अग्नीसाठी. मी लहान असताना आजी सांगायची तेव्हा मलाही अग्नीच दिसायचा.

आता मला बादली दिसते.

पहाटेचा अंधार, दाटीवाटीने झोपलेल्या मुलींच्या अंथरुणांवरून पाय वाचवत धावणारी एक पोर, आणि परतताना दोन्ही हातांनी पेललेली ती जड बादली, पायांवर सांडणारं पाणी. तिने दैवी चिन्ह ओळखलं नाही. तिला मैत्रीण पेटलेली दिसली, आणि तिला वाचवायला काय लागेल तेवढं तिने आणलं. पाणी ओतावं लागलं नाही म्हणून ती धाव वाया गेली असं मला वाटत नाही. त्या रात्री त्या खोलीत पवित्र आत्मा दोघींवर उतरला होता, असं मी मानते. एकीवर अग्नी होऊन, आणि दुसरीच्या पायांत. हे माझं मत आहे, कुठल्या ग्रंथातलं नाही.

पुढे मुक्तीत अन्य भाषांत प्रार्थना होऊ लागल्या आणि बाहेरून टीका आली, आतूनही प्रश्न आले: ज्याला भाषा मिळाली नाही त्याला आत्मा मिळाला नाही का? रमाबाईंनी १९०७ मध्ये त्यावर लिहिलं. त्यांनी भाषा बोलणाऱ्या मुलींना गप्प केलं नाही. रोग बरे करणं, भाषा, संदेश, ही दानं टाकून देऊ नयेत असंच त्यांचं म्हणणं. पण आत्म्याच्या बाप्तिस्म्याची, म्हणजे आत्मा माणसावर उतरल्याची, एकमेव आणि सर्वांत आवश्यक खूण कोणती, तर प्रीती, परिपूर्ण दैवी प्रीती. हे लिहिणाऱ्या बाईकडे स्वतःकडे दानांची काय कमी होती? कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हणून गौरवलेली ती बाई. पुराणं मुखोद्गत, आणि पुढे हिब्रू नि ग्रीक शिकून उतारवयात सगळं बायबल मराठीत आणलं, तेही दुष्काळातून आलेल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बायकांना समजावं म्हणून सोप्या मराठीत. छापायच्या यंत्रावरही त्याच बायका. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या तेव्हा ते काम नुकतंच संपत आलं होतं. मला रमाबाईंची ती विद्वत्ता मोठी वाटतेच, पण त्याहून मोठं वाटतं ते विद्वत्तेला खाली बसवणं. पीठ दळणाऱ्या बाईच्या समोर, तिला ओठ दिसतील असं. त्या आवारातल्या घरांची नावंसुद्धा बघा. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन, थकलेल्या म्हाताऱ्यांसाठी प्रीतीसदन.

पंधरा दिवसांनी मी परत नगरला गेले. मुद्दाम गेले, दुसरं काही काम काढलं नाही. बाई जाग्या होत्या. दातांची कवळी उशाच्या ग्लासात होती, त्यामुळे गाल आत गेलेले, चेहरा एकदम लहान बाळासारखा. मी खिडकीचा पडदा पूर्ण सरकवला, खुर्ची ओढून अशी बसले की उजेड माझ्या तोंडावर पडेल. डोळे मिटावेत की नाही, हा एवढासा प्रश्न मला अवघड गेला. इतक्या वर्षांची सवय. उघड्या डोळ्यांनी, माणसाच्या चेहऱ्याकडे बघत प्रार्थना करायला लाज वाटते, खरंच वाटते. एकही घोटवलेलं वाक्य जवळ येत नाही. त्यांच्या ओठाच्या कडेला पेजेचा वाळलेला थेंब होता. नॅपकिनने मी तो पुसला. मग हळू, एकेक शब्द तोडून म्हटलं, "प्रभू, बाईंना आज रात्री झोप लागू दे." बाईंचे डोळे माझ्या ओठांवर होते. शेवटच्या शब्दावर त्यांच्या भुवया किंचित उंचावल्या, नीट कळलं की नाही त्याची खात्री करून घेतल्यासारख्या. मग म्हणाल्या, "आमेन. कंबर झोपू देत नाही गं."

मला वाटलं झालं. उठायला लागले तर त्यांनी मनगट धरलं. "थांब. आता मी करते तुझ्यासाठी."

त्यांनी डोळे मिटले नाहीत. बोलायला लागल्या. कवळी नसल्याने शब्द नुसतेच हवेसारखे बाहेर पडत होते, स आणि श कुठे, प आणि फ कुठे, काही पत्ता लागत नव्हता. मी वाकले, कान जवळ नेला, मग आठवलं आणि मागे होऊन त्यांच्या ओठांकडे बघायला लागले. तरी समजेना. माझं नाव आलं असावं, दोनदा. पुण्याचं काहीतरी आलं. आणि मग एक शब्द लखलखीत कळला, कारण तो म्हणताना त्यांनी हात पुढे करून माझ्या उजव्या गुडघ्यावर ठेवला. "गुडघा."

गुडघ्याचं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. मागच्या वेळी प्रार्थनेला उभी राहताना मी कॉटचा कठडा धरून, दात आवळून उठले होते. डोळे मिटायच्या आधी.